पंधराव्या पानावरचा वकील

"ताई, माणूस कुठे मारायचा?"

लालबागच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या आमच्या कंपोझिटरने मला हे विचारलं, तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. पुस्तिकेची रीतच ती होती. एक फॉर्मा म्हणजे सोळा पानं. पहिल्या पानावर नाव, शेवटच्या पानावर घोषणा. मधल्या पानांत माणसाने जन्मायचं, शिकायचं, अन्याय बघायचा, लढायचं, आणि पंधराव्या पानाच्या तळाशी मरायचं. तो तिथे मेला की पान उलटताच घोषणा येत. वाचणारा उठून उभा राहायचा. मी स्वतः कितीदा तरी तशी उभी राहिले होते. गिरगावच्या आमच्या घरात पाठ्यपुस्तकांहून पुस्तिका जास्त होत्या आणि इतिहासातली सगळी मोठी माणसं पंधराव्या पानावर मरतात, अशी माझी लहानपणापासून जवळपास खात्रीच झाली होती.

या वेळचा माणूस हंगेरीचा होता. गेल्या शतकातला वकील. त्याचं चरित्र अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या कपाटातून काढून मला दिलं होतं. फुटपाथवर घेतलेलं जुनं इंग्रजी पुस्तक, पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं गळालेली, त्यामुळे ते लिहिलं कुणी हेही कळायला मार्ग नव्हता. वकिलाचं नाव मला नीट उच्चारता यायचं नाही. पुस्तिकेत मी त्याला नुसतं 'हंगेरीचा वकील' म्हटलं.

ते द्विभाषिक मुंबई राज्याचं पहिलं वर्ष होतं. फ्लोरा फाउंटनला सांडलेलं रक्त लोक विसरले नव्हते, मुंबई महाराष्ट्राला मिळाली नव्हती आणि मला एका जागी बसवत नव्हतं. जेवताना मी पान सोडून उठे, सभेला गेले की तिथून दुसऱ्या सभेला जाई. कॉलेज कसंबसं पार पडलं होतं. त्यात वर्तमानपत्रांत रोज हंगेरी येत होता. रणगाडे, रस्त्यावरची माणसं. गिरणगावात तो शब्द काढायची सोय राहिली नव्हती.

"हंगेरी म्हटलं की आमच्या नाक्यावर दोन तट पडतात," कंपोझिटर म्हणाला होता. "लाल बावटेवाले म्हणतात फितुरी, बाकीचे म्हणतात क्रांती. परवा चहाच्या दुकानात बशी फुटली."

"हा शंभर वर्षांपूर्वीचा हंगेरी आहे, दादा."

"मग चालेल. मेलेल्या हंगेरीवर कोण भांडतोय."

तर या वकिलाचं असं होतं. खेड्यात जन्मला, शहरात कायदा शिकला. तिथे कोर्टाचं काम लोकांच्या भाषेत चालत नसे. वेठबिगार शेतकऱ्यांचे अर्ज तो लिहून द्यायचा आणि अर्जात काय लिहिलंय ते त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचा. अठराशे अठ्ठेचाळीस साली लोक परक्या बादशहाविरुद्ध उठले तेव्हा त्याने डगला उतरवून बंदूक घेतली. उठाव मोडला. त्याला पकडून किल्ल्यात टाकलं.

हे सगळं माझ्या हस्तलिखितात चौदा पानं भरून होतं. आणि पुस्तक तर जेमतेम निम्मं झालं होतं. पुढच्या निम्म्या पुस्तकात तो सुटतो, कित्येक वर्षं त्याला वकिली करू देत नाहीत, मग बादशहा आणि हंगेरीवाले यांच्यात तडजोड होते आणि त्या तडजोडीनंतर हा माणूस बादशहाच्याच नावाने शपथ घेऊन न्यायाधीश होतो. नंतर कायदेमंडळातही जातो. म्हातारा होऊन अंथरुणात मरतो.

मी ते वाचलं होतं. वाचून मला इतका राग आला होता की पुस्तक मिटून मी ठाकूरद्वारपर्यंत चालत जाऊन आले होते.

"किल्ल्याचं दार बंद झालं, इथे संपवा," मी कंपोझिटरला सांगितलं.

"म्हणजे आत मेला?"

"दार बंद झालं एवढंच घ्या."

त्याने घेतलं. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. मी फक्त थांबले होते, आणि ते मला तेव्हा फार प्रामाणिक वाटलं होतं.

याच दिवसांत अण्णांना सरकारचं पत्र आलं. मॅजिस्ट्रेटची जागा देऊ केली होती. उत्तराला महिन्याभराची मुदत. अण्णा बावीस वर्षं पोलीस कोर्टात वकिली करत होते. चळवळ सुरू झाल्यापासून पकडलेल्या पोरांच्या केसेस ते फुकट चालवत. वयाच्या हिशेबाने ही जागा आत्ता घेतली नाही तर पुन्हा मिळायची नव्हती. मला त्यात एकच गोष्ट दिसली: सरकारला अण्णांना गप्प बसवायचं होतं.

"घेणार नाही ना तुम्ही?" मी विचारलं.

ते दाढी करत होते. गालावर साबण तसाच ठेवून म्हणाले, "मला घ्यावीशी वाटते."

मी खोलीतून बाहेर पडले. आमच्या घरात भांडण म्हणजे एकाने खोली सोडणं. तीन पिढ्या कारकुनी आणि वकिली केलेलं घर. आवाज चढवणं आम्हाला कधी जमलंच नाही.

पुस्तिका आठवड्याभरात निघाली आणि बघता बघता गिरणगावात पसरली. कंपोझिटर स्वतः ती रविवारी परळला आपल्या चाळीपुढच्या मोकळ्या जागेत मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यांची चाळ गेल्या दसऱ्याला बुद्धाकडे वळलेली. घराघरांतले देव गेले होते, आणि त्यानंतर दोन महिन्यांत ज्यांच्या मागोमाग ते वळले होते तेही गेले. ती माणसं ऐकायला बसली की अजिबात हलत नसत. शेजारच्या मालवणी चाळीतले लोकही येत. कंपोझिटर वाचायचा छान. शेवटी "दार बंद झालं" म्हणून तो थांबायचा, पुस्तिका मिटायचा आणि पदरचा एक शब्द घालायचा: हुतात्मा.

मी ऐकत होते. मी तो शब्द दुरुस्त केला नाही.

त्या रविवारी चाळवाल्यांनी अण्णांना बोलावलं होतं. शेजारच्या चाळीतल्या एका मावशींचा मुलगा जमावबंदी मोडल्याच्या आरोपात होता, त्याची केस अण्णांकडे होती. मावशी गिरणीत कांडीखात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होत्या. वाचन संपलं, घोषणा झाल्या, आणि मावशी उठल्या.

"सायबानू, तुमका सरकार खुर्ची देता म्हणतत. तुमी त्या हंगेरीवाल्यासारखेच ना? खुर्ची नको, तुरुंग चलात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी अण्णांच्या नावाने घोषणा दिली. मी बायकांमध्ये बसले होते. माझा ऊर भरून आला, आणि मग मी अण्णांकडे पाहिलं.

ते माझ्याकडेच पाहत होते. त्यांच्या हातात माझी पुस्तिका होती, पंधराव्या पानावर बोट घालून धरलेली. एका वाक्यात त्यांना सांगता आलं असतं की तो मेला नाही, तो न्यायाधीश झाला. ते वाक्य त्यांच्या ओठावर आलेलं मी पाहिलं. मग त्यांनी पुस्तिका मिटून कोटाच्या खिशात घातली.

"अजून विचार करतो आहे," एवढंच म्हणून ते खाली बसले. लोकांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करत असताना मीच विषय काढला. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझ्या मुलीने अर्धंच सांगितलं म्हणून? चारशे माणसांपुढे?"

"मी खोटं लिहिलेलं नाही."

"नाही. कोर्टात असे साक्षीदार रोज येतात. खरं बोलतात आणि हवं तिथे थांबतात. उलटतपासणी त्यांच्यासाठीच असते." त्यांनी वस्तरा पुसला. "पुस्तक मी तुला सबंध दिलं होतं, बाळ."

"पण तो बादशहाचा नोकर झाला, अण्णा!"

"झाला. मी पण होईन कदाचित. पण ते मी ठरवायचं होतं. आता त्या चाळीने ठरवलंय. नाही म्हटलं तर मी तुझा हुतात्मा, हो म्हटलं तर फितूर. माझं उत्तर तू छापून टाकलंस."

मग त्यांनी मला कारण सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. कोर्टात बाई मराठीत पाच मिनिटं रडून सांगते. दुभाषा ते इंग्रजीत एका ओळीत उरकतो. साहेब ती एक ओळ लिहून घेतात आणि त्या ओळीवर शिक्षा होते. बावीस वर्षं अण्णा त्या दोघांच्या मध्ये उभे होते. "मला एकदा पलीकडे बसून सबंध पाच मिनिटं ऐकायचं आहे," ते म्हणाले. "बास."

"आणि मग आपल्याच पोरांना आत टाकायचं?"

या खेपेला खोली त्यांनी सोडली.

त्या दिवशी मी गिरगावातून लालबागला चालत गेले. ट्राम समोरून गेली तरी मी चढले नाही. बसले असते तर विचार करावा लागला असता. छापखान्यात कंपोझिटर टाइप सोडवत होता, एकेक खिळा त्याच्या त्याच्या घरात टाकत. मी त्याला सगळं सांगून टाकलं, पुढच्या निम्म्या पुस्तकासकट. तो म्हणेल, बरं केलंत कापलंत ते, अशी माझी अपेक्षा होती.

त्याचा हात थांबला.

"न्यायाधीश झाला? वेठबिगारांचे अर्ज लिहिणारा माणूस न्यायाधीश झाला?"

"बादशहाची शपथ घेऊन, दादा."

"कुणाची का असेना. आणि तुम्ही ते कापलंत?"

"ती शरणागती होती!"

"ताई, रागावू नका," तो म्हणाला, पण रागावला तोच होता. "खुर्चीवर बसला म्हणजे विकला गेला, हे तुम्हा गिरगावकरांचं. तुमच्या घरात खुर्च्या आहेत, तुम्ही नको म्हणू शकता. आमच्या आज्याला कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहू देत नव्हते. आमची माणसं कायदा शिकली, खुर्चीपर्यंत पोचली, तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले. किल्ल्यात मेलेले पुष्कळ ऐकलेत आम्ही. हा वर चढला, तेच सांगायला हवं होतं. आणि मी येडा दर रविवारी त्याला मारतोय!"

माझे कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला तत्त्वाच्या बाजूने कुणीतरी झापलं होतं, आणि ते तत्त्व माझं नव्हतं.

"दुसरा फॉर्मा छापायचा," मी म्हणाले.

"मेलेल्या माणसाचा? लोक मारतील."

"मी वाचीन. तुम्ही फक्त जुळवा."

दुसरा भाग लिहायला मला चार दिवस लागले. पहिल्याला दोन लागले होते. पहिल्या भागात वाक्यं आपोआप यायची. दुसऱ्यात प्रत्येक वाक्य मला हिसका मारून थांबवायचं, कारण तो माणूस आता माझ्या मनासारखं वागत नव्हता. सुटल्यानंतरची त्याची वर्षं पुस्तकात फार थोडक्यात होती. वकिली बंद, शेजारपाजारच्यांचे हिशेब आणि पत्रं लिहून पोट भरणं. मग न्यायाधीशाची खुर्ची. कोर्टाचं काम लोकांच्या भाषेत चालवणं. आणि एक प्रसंग, ज्याच्या समासात अण्णांनी पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती. ती रेघ पहिल्या वाचनात मला दिसलीच नव्हती, कारण शपथेपुढची पानं मी रागारागाने नुसती चाळली होती. प्रसंग असा: त्याच्यापुढे एक आरोपी आला, जो किल्ल्यात त्याच्या शेजारच्या कोठडीत होता. न्यायाधीशाने त्याचं सगळं म्हणणं ऐकलं आणि कायद्याप्रमाणे त्याला शिक्षा दिली.

कापावंसं वाटलं. चार ओळी फक्त. हात तिथे दोनदा थांबला. मग मी त्या ओळी स्वच्छ अक्षरात उतरवून काढल्या आणि कागद कंपोझिटरच्या हातात दिला, परत मागून घेता येऊ नये म्हणून.

पुढच्या रविवारी मी परळच्या त्याच मोकळ्या जागेत उभी राहिले. अण्णांची मुदत मंगळवारी संपत होती. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. तरी ते आले आणि मागे पाण्याच्या नळापाशी उभे राहिले, छत्रीवर दोन्ही हात ठेवून.

"मागच्या पुस्तिकेत मी हा माणूस अर्धाच सांगितला," मी सुरुवात केली. "तो किल्ल्यात मेला नाही. मला पुढचं आवडलं नाही, म्हणून मी ते कापलं. आता ऐका."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे हुतात्मा जिवंत झाला काय?" हशा पिकला. मी वाचत राहिले. तो न्यायाधीश झाला त्या जागी कंपोझिटरच्या चाळीतल्या काही म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. शिक्षेच्या प्रसंगापाशी हसू थांबलं. उजवीकडून एक जण उठला, "फितूर, फितूर!" म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी काही गेले. मी शेवटपर्यंत वाचत गेले. सोळाव्या पानावर या वेळी घोषणा नव्हती. काय घालावं ते मला सुचलं नव्हतं.

मावशी उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नळाकडे वळून म्हणाल्या, "सायबानू, माका एक सांगा. तो जज्ज झालो, मगे आपल्या माणसांक सोडल्यान काय?"

अण्णा तिथूनच म्हणाले, "नाही, बाई. सोडलं नाही. कायदा बादशहाचाच होता."

"मगे तुमी थंय बसान काय करतलात?"

"ऐकून घेईन. सबंध. मधे दुभाषा नसेल."

"म्हणजे आयकतलात आणि आत टाकतलात."

"कायद्यात बसलं तर, हो."

कुणी टाळी वाजवली नाही. मावशींनी पदर खोचला, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"माझ्या झिलाची केस?"

"ती आधी संपवतो. मग शपथ."

"बरा," मावशी म्हणाल्या. "आणि आत टाकश्यात तेव्हा ता तरी आमका समजात अशा भाशेत सांगा. गेल्या खेपेक माझ्या घोवाक किती म्हयने झाले ता पोलिसाक विचारूचा लागला."

अण्णांनी मान हलवली. त्यांनी हो म्हणायचं ठरवलंय, हे मला तिथे, त्या नळापाशी कळलं. ते सगळ्यांना कळलं. चाळीने त्यांना फितूरही म्हटलं नाही आणि खांद्यावरही घेतलं नाही. माणसं पांगली.

मंगळवारी त्यांनी होकार पाठवला. मावशींचा मुलगा पुराव्याअभावी सुटला. त्यानंतर अण्णांनी शपथ घेतली. मी त्या दिवशी घरी नव्हते. माहीमला सभा होती, आणि नसती तर मी कुठली तरी शोधून काढली असती.

त्यांच्या कोर्टात मी एकदाच गेले, पहिल्याच आठवड्यात. पिशवीत काळं निशाण घडी करून नेलं होतं. सर्वांत मागच्या बाकावर बसले. आरोपी रे रोडच्या लाकडाच्या वखारीतला मजूर होता. जमावबंदी मोडली आणि दगड मारला, असे दोन आरोप. तो बोलायला लागला तसा दुभाषा सवयीने पुढे झाला. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"बोला," ते त्या मजुराला म्हणाले. "सावकाश."

तो बोलला. वखारीबद्दल बोलला, मुकादमाबद्दल, मिरवणुकीत कसा सापडला त्याबद्दल, मधेच गावाकडच्या बैलाबद्दलही. पोलीस शिपाई जांभई देत होता. अण्णा लिहीत होते. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत होते. माझ्या आयुष्यात मी कुणाचं एवढं बोलणं मधे न तोडता ऐकलेलं नव्हतं.

"घोषणा दिली, साहेब," तो शेवटी म्हणाला. "दगड नाय मारला."

अण्णांनी शिपायाला चार प्रश्न विचारले. दगड कुणी पाहिला होता हे त्याला सांगता आलं नाही. तो आरोप त्यांनी काढून टाकला. मग मुद्दाम मान वर करून, त्या माणसाकडे बघत ते म्हणाले, "जमावबंदी तुम्ही मोडलीत. त्याबद्दल सात दिवस कैद. समजलं?"

"समजलं, साहेब."

मी उठले. निशाण पिशवीतच होतं. बाहेर आले आणि चालत सुटले, भायखळ्यावरून सरळ लालबाग. कंपोझिटर खिळ्यांच्या खणांसमोर स्टुलावर बसला होता.

"काय झालं?"

"सात दिवस."

"आणि दगडाचं?"

"दगडाचं सोडलं."

त्याने खिळे हातात घोळवले. "मग हे लिहिणार?"

"हो. पण बसवत नाही."

"उभ्याने लिहा," तो म्हणाला आणि त्याच्यासमोरची लाकडी फळी पुसून मला जागा करून दिली. मी कागद काढला. या खेपेला त्याने मला विचारलं नाही की माणूस कुठे मारायचा. मीही त्याला सांगितलं नाही की किती पानं होतील.